डावीकडचं ऊन

दुपारची जेवणं उरकली आहेत. आई आत आडवी झाली आहे. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतोय आणि त्या घरघरीवर त्रिशलाच्या पापण्या जड होत चालल्या आहेत. पडद्यावर चित्र दाणा दाणा उमटतंय, रांगोळी वरून सुटावी तसं. अजून पायासुद्धा न खणलेल्या एका धर्मशाळेचा व्हरांडा. खांबांच्या कडा तिनं किंचित झिजवल्यात, कारण सुरीसारखी कड खऱ्या जगात कुठंच नसते. भिंतीला हात टेकतात तिथं जरासा मळ दिलाय. फरशीवर नुकत्याच फिरलेल्या फडक्याची ओल आहे. जे अजून नाही, ते आहेसं दिसायला लावायचं, हेच तिचं काम.

आणि खांबाशी, खांद्याला बॅग लावून अभिनंदन उभा आहे. तिचा धाकटा भाऊ.

इमारतीची उंची कळावी, चित्रात जीव यावा म्हणून अशी माणसं फोटोतून कातरून चिकटवतात. हा फोटो तिनंच गच्चीत काढला होता, तो नोकरीच्या गावी निघाला होता तेव्हा. “अभ्या, थांब जरा, मला एक माणूस हवाय.” “अक्के, एसटी चुकंल माझी!” तिकडं गेला आणि तापाचं निमित्त झालं. तो परत आलाच नाही. तेव्हापासून तो तिच्या प्रत्येक चित्रात आहे.

सकाळीच धर्मशाळेचं काम देणाऱ्या गुळवणीसाहेबांचा फोन होता. “मॅडम, दगड झकास, प्रकाश झकास. तो बॅगवाला तेवढा काढा. चिकटवलेला कळतोय.” संध्याकाळी चित्र पाठवायचंय. तिनं त्याला काढलेलं नाही. कसं काढणार? प्रत्येक वेळी आई चष्मा पुसत येते आणि विचारते, “ह्यात हाय न्हवं त्यो?”

डोळे मिटतात. घरघर लांब जाते, जात्यासारखी होते.

“अक्के, जरा बसू का गं?”

व्हरांड्यात ती उभी आहे. फरशी पायाला गार लागते. अभिनंदन खांबाला टेकायला बघतोय, पण पाठ खांबापर्यंत पोचत नाही.

“बस की. कुणी नको म्हटलंय?”

“तूच. उभं राहा म्हणालीस, तवापास्नं उभाच हाय. हॉटेलात उभा, शाळेत उभा, दवाखान्याच्या दारात उभा. लोकं आत जाऊन बरी होऊन घरी गेली, मी आपला दारात.”

तिला हसू येतं. पण पायाखाली आता हॉटेलची काळी, चकचकीत फरशी आहे. झुंबर उलटं दिसतंय, कुंड्या उलट्या दिसतायत, तिची स्वतःची साडी उलटी दिसतेय. तो मात्र त्या फरशीत नाही.

“अभ्या, तुझी सावली कुठाय?”

“तू काढलीस ती? हाय की.” तो पाय उचलून दाखवतो. चपलेपासून बोटभर अंतरावर एक करडा डाग पडलाय, तिनंच हातानं रंगवलेला. “चिकटत न्हाई ती पायाला. त्यामुळं सारखं तरंगल्यागत हुतंय. मळमळतंय बघ.”

“थांब, नीट करते. सूर्यच फिरवते.”

ती हात वर करते आणि सूर्य फिरवते, रोज पडद्यावर फिरवते तसाच. हॉटेल जातं, तिच्या जुन्या चित्रांतली घरं एकामागोमाग एक समोर येतात. सगळ्या घरांत ऊन भलत्याच बाजूनं शिरलंय. उत्तरेच्या खिडकीत भर दुपारचा कवडसा. देवघर पूर्वेला असून अंधारात. तुळस उन्हाकडं मान वळवून वळवून पिळवटली आहे.

“बघ,” तो म्हणतो. “गच्चीत ऊन माझ्या डाव्या गालावर हुतं. त्या एका गालासाठी किती घरांचं ऊन फिरवशील?”

“मग तुलाच उलटा करते.”

“केलं हुतंस की एकदा. बॅग दुसऱ्या खांद्याला गेली, भांग दुसरीकडं गेला. आई काय म्हणाली?”

तिला आठवतं. आई बराच वेळ बघत होती आणि म्हणाली होती, ‘ह्यो कुणाचा पोरगा गं? आपला न्हवं.’

वारा सुटतो. बायपासच्या फाट्यावर दोघं उभी आहेत. वर फ्लॅटच्या जाहिरातीचा भला मोठा फलक, उन्हानं विटलेला. फलकावरही तोच, निळसर पडत चाललेला. खाली रिक्षा थांबली आहे आणि डोक्यावर पदर घेऊन आई वर बघत गुणगुणते आहे:

उन्हात उभा बाळ, वर सावली कुणाची
फाट्यावर वाट बघं, गाडी सुटली कवाची

“आई इथं येते?” त्रिशला विचारते.

“बाजाराचं नाव सांगून येती. येती आन् काय ना काय बॅगेत घालती. आज भाकरी, उद्या शेंगाची चटणी. तू पण घालतीस. चित्र पुरं झालं की ‘अभ्या, सांभाळून उभा राहा’ म्हणतीस, ते पण आतच पडतंय.” तो खांदा उचलायला जातो, उचलवत नाही. “दोघी मिळून भरताय. मी चाललो असतो गं, पण ही घेऊन एसटीची पायरी चढवत न्हाई.”

“ठेवून दे मग खाली.”

“खाली ठेवायला जमीन तरी लागाय नको का माझ्या पायाखाली?”

ती पुढं होते. पट्टा त्याच्या खांद्यात रुतलाय. बोटं घालून ती तो सोडवते, आणि बॅग आपल्या खांद्यावर घेते. ती एका बाजूला कलते. रडू येतं, ते वजनानं की कशानं, कळत नाही.

गच्ची आहे. वाळत घातलेल्या सांडग्यांचा वास आहे. अभिनंदन कठड्यावर बसतो. बसतो! डाव्या गालावर ऊन पडतं, आणि सावली कुठूनशी धावत येऊन त्याच्या पायांना बिलगते.

“आईला काय सांगू रे?”

“सांग, बसायला जागा घावली.”

खाली एसटीचा हॉर्न वाजतो.

पंखा थांबलेला आहे. चित्र पुरं झालंय. व्हरांड्यात तो अजून उभाच आहे, डोळे किलकिले करून, एकटाच डावीकडच्या उन्हात.

त्रिशला माऊसवर हात ठेवते. मग ती त्याला काढते, आणि त्याची सावलीही. खांबाशी उजवीकडून आलेलं ऊन सरळ फरशीभर पसरतं. व्हरांडा खरा दिसतो. इतका खरा, की तिला बघवत नाही.

आई चहा घेऊन येते. चष्मा पुसते, वाकते, शोधते.

“ह्यात न्हाई त्यो?”

“नाही आई. बसायला जागा घावली त्याला.”

आईची नजर लेकीच्या खांद्यावर थांबली आहे. ब्लाउजच्या गळ्यापासून खाली एक रुंद, लालभडक वळ उठलाय, पट्टा रुतल्यासारखा.

“लई जड हुती?” आई हळूच विचारते.

त्रिशला मान डोलावते.

आई पदराचा बोळा करते, त्यावर तोंडानं ऊन ऊन फुंकर घालते आणि त्या वळावर धरून ठेवते.