मीटर बाहेर राहिला

ब्रदर पॉल बोगद्यात चालता चालता भिंतीला टेकून खालीच बसले. "जस्ट अ मिनिट," म्हणाले. माझंही डोकं ठणकत होतं. पण त्यांचं वय सत्तरीचं, दमले असतील असं मी धरून चाललो.

२००५ चा जानेवारी. मी एडिसन या अमेरिकन गावातल्या एका छोट्या फर्ममध्ये व्हेंटिलेशन इंजिनियर होतो, म्हणजे इमारतीत हवा नीट खेळते की नाही हे तपासणारा. ब्रदरच्या मठाखाली रोमच्या कॅटाकोम्ब्जची नक्कल बांधलेली आहे. रोममध्ये पूर्वी जमिनीखाली बोगदे खोदून मृतांना पुरत. पुढे हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी ख्रिस्ती लोक प्रार्थना करू लागले आणि त्या दफनभूमीचं तीर्थक्षेत्र झालं. इथल्या वेदीखाली तर रोमहून आणलेल्या खऱ्या अस्थी होत्या. खाली गेलं की गरगरतं, अशी तक्रार होती. दुसऱ्याच दिवशी शाळेची चाळीस मुलं येणार होती.

अस्थी म्हटल्यावर माझ्यातला नागपूरकर जागा झाला. जिन्यापाशी बूट काढले. चामड्याचा पट्टाही काढला. आमच्याकडे गाभाऱ्यात चामडं नेत नाहीत. ब्रदर कौतुकाने बघत होते.

आता तेच ब्रदर बोलताना अडखळायला लागले. माझा हात सवयीने कमरेला गेला. तिथे मीटर नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास; धोका असला तर मीटरच ओरडून सांगतो. तो पट्ट्याला अडकवलेला होता आणि पट्टा बाहेर होता.

गरगरत होतं ते भीतीने की वायूने, कळेना. दोन्ही बाजूंना थडग्यांचे कोनाडे. आपणही इथेच राहणार, एवढंच मनात येत होतं. ब्रदरच्या काखेत हात घालून ओढायला लागलो. मोजे फरशीवर घसरत होते. जिना येता येईना.

वर पोचल्यावर मीटर उचलून जिन्याच्या दारातून आत धरला. तो किंचाळायलाच लागला. मी ९११ ला फोन केला.

शेजारच्या बॉयलरच्या धुराड्याला चीर गेली होती आणि बोगद्यातला नवा एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकताना तो धूर आत ओढत होता. शाळेची ट्रिप कॅन्सल झाली. ब्रदर दोन दिवस हॉस्पिटलमध्ये राहून सुखरूप परतले.

"फर्स्ट रीडिंग किती होतं?" आमचे बॉस, बापट सर, यांनी विचारलं.

"घेतलंच नाही, सर."

"का?"

सांगितलं. त्यांनी कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"रिपोर्टमध्ये लिही."

"हे पण?"

"हे आधी."

लिहिलं. तेव्हापासून कुठल्याही देवाच्या दारात मी आधी मीटर चालू करतो, मग हात जोडतो. देवाची त्याला हरकत असल्याचं अजून तरी कानावर आलेलं नाही.