मामाने टेबलावर लिहिलेला भाव

माझा मामा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटर आहे. कापडाचे चाळीस-चाळीस थर मशीनने कापतो, पण बोटाला कधी ओरखडा नाही. भित्रा मात्र इतका, की कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघणार. आयुष्यात त्याने धाडस केलं ते एकच: एका औषध कंपनीचे चाळीस शेअर घेतले. रोज जेवणाच्या सुट्टीत तो फोनवर भाव बघायचा आणि टेबलाच्या कडेला खडूने लिहायचा. शेअर किती आहेत ते कशाला बघायचं? ते काय पळून जाणार होते?

मामीच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटायला लागला, तेव्हा त्याच शेअरचा आधार होता. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

बुधवारी दुपारी मामाने फोन उघडला. काल पाच हजार, आज पाचशे! शेजारचा इस्त्रीवाला डोकावून म्हणाला, "अरे वा, एवढा स्वस्त झाला? मीच घेतो की दहा!" मामाच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. उरलेसुरले तरी वाचावेत म्हणून त्याने चाळीसच्या चाळीस विकून टाकले. मग जिन्यात जाऊन हॉस्पिटलला फोन लावला, "शुक्रवारची तारीख रद्द करा." घरी मामीला सांगितलं, डॉक्टर अचानक रजेवर गेलेत.

रविवारी मी गेले, तर याचं तोंड एवढंसं झालेलं. खूप खोदून विचारल्यावर त्याने फोन माझ्यापुढे धरला. खात्यात तीनशे साठ शेअर होते.

"चुकून कुणाचे तरी आलेत. हात लावू नकोस गं, पोलीस येतील."

कंपनीने एका शेअरचे दहा केले होते, म्हणून भाव दहावा हिस्सा झाला. नवे शेअर खात्यात यायला दोन दिवस लागले, एवढंच. पत्रही आलं होतं. जाहिरात समजून मामाने ते खडूच्या डब्याखाली सारलं होतं. मला असा संताप आला! दिवसभर ताग्याचे तुकडे करणाऱ्या माणसाला हे कळू नये?

हॉस्पिटलने पुढची तारीख दिली दहा दिवसांनंतरची. तोवर पडदा पुरता सुटला होता. ऑपरेशन झालं, पण मामीला उजवीकडचं दिसेनासं झालं ते झालंच.

ती उठता-बसता डॉक्टरांचा उद्धार करते, "ऐन वेळेलाच रजा सुचली मेल्याला!" बटणं लावायला बसली की मामा तिला सुई ओवून देतो. तपासणीचा दिवस जवळ आला की तो मला बाजूला घेऊन विचारतो,

"ती डॉक्टरांना विचारेल का गं?"

"तूच सांगून टाक ना."

"सांगतो, सांगतो."

परवा मीही बरोबर गेले होते. मामीने विचारलंच, "डॉक्टर, तेव्हा रजेवर कुठे गेला होता हो?"

"रजा? मी तर इथेच होतो."

मामा तिच्या उजव्या बाजूला बसला होता. मामीने सावकाश पुरती मान वळवली आणि त्याच्याकडे बघत राहिली.