उलटा हात

सकाळी नीताने फ्रीज उघडण्याआधी दाराला हाताची मागची बाजू लावून पाहिली. बारावीनंतर माझी ही मुलगी विजेच्या खांबांवर चढायच्या नोकरीला लागली, तेव्हापासूनची ही सवय.

“अगं, आपलाच फ्रीज आहे,” मी म्हटलं.

“आई, करंट असेल तर मूठ आवळते, मग काही केल्या सुटत नाही. उलटा हात मागे तरी येतो,” असं म्हणत ती डबा उचलून गेलीसुद्धा.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना मी हिला एकच शिकवलं होतं, हात घट्ट धर, सोडू नकोस. आता तिला शिकवतात, धरूच नकोस.

दुपारी लाइट गेली. सगळी गल्ली वायरमनच्या नावाने बोटं मोडू लागली. मला मात्र सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. नीताचं काम आमच्याच भागात असतं, आणि लाइन बंद केल्याशिवाय ती खांबावर चढत नाही. म्हणजे आत्ता तारेत काही नाही.

मग एकदम पंखा फिरला. बाहेर पोरं ओरडली, “आली, आली!” आणि मी फोन घट्ट धरून बसले. ही खाली उतरली असेल ना?