पांढऱ्या रोबोटचा दसरा

आमच्या घरी दसऱ्याला एका जपानी रोबोटला हळदकुंकू लागलं, आणि नवरा माझ्याशी संध्याकाळभर इंग्रजीत बोलला.

शिरीष इथे अमेरिकेत, नोव्हाय गावात गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतो. पण त्याचा जीव अडकलाय एका जुन्या जपानी रोबोट-कार्टूनमध्ये. त्यातही गोष्टीत नाही, पडद्यामागच्या भानगडींत! कोणीही जेवायला आलं, की आमटीबरोबर हे वाढलं जातंच: "काका, चित्रकाराला तो रोबोट पांढराशुभ्र हवा होता. पण पैसे खेळण्यांच्या कंपनीचे! म्हणाले, लाल-पिवळा-निळा करा. पार रंगपंचमी केली हो बिचाऱ्याची!"

म्हणून त्या चित्रकाराच्या मनातला पांढरा रोबोट शिरीषने स्वतः बनवला. अख्खा उन्हाळा बेसमेंटमध्ये काढला. दसऱ्याच्या संध्याकाळी लायब्ररीत मॉडेलांची स्पर्धा होती. सकाळी ऑफिसला निघताना तो म्हणाला, "टेबलावर ठेवलाय. प्लीज, हात लावू नकोस."

मी हात लावला नाही. बोट लावलं!

आता तुम्हीच सांगा. कारची पूजा झाली, लॅपटॉपची झाली, मिक्सरची झाली. मला मेलीला रिकामं बसवत नाही, ताटात हळदकुंकू उरलेलं, आणि समोर हा तलवार उपसून उभा! दसऱ्याला शस्त्राला असं कोरडं ठेवायचं? छातीवर ओली हळद लावली, कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि नमस्कारही केला.

तेवढ्यात आमची कन्या इरा जिन्यावरून ओरडली, "आई! व्हॉट डिड यू डू?"

"पूजा."

"ही इज गोइंग टू क्राय!"

"रोबोट?"

"बाबा!"

फडक्याने पुसलं, तर डाग छातीवरून पोटावर उतरला. साबण लावला, तर हळद लालभडक झाली! (हा प्रयोग मी शाळेत केला होता. ऐन वेळी आठवेल तर शपथ!) शेवटी इरा मार्कर घेऊन धावली. "वी कॅन कव्हर इट!" तिच्याकडे एकच मार्कर होता. निळा.

एवढ्यात ऑफिसातून आलेला शिरीष दारात उभा! त्याने रोबोटकडे पाहिलं. लाल. पिवळा. निळा.

"व्हाय," तो अगदी हळू म्हणाला, "वुड यू डू दिस?"

मला रडूच फुटलं. त्याचा अख्खा उन्हाळा मी एका बोटाने पुसला होता.

तरीही इराने रोबोट उचलून गाडीत ठेवला आणि आम्ही गेलो. परीक्षक बाई बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग एकदम खुलल्या. खाली पांढरा, वरून कोणीतरी जबरदस्तीने थापलेले रंग! पडद्यामागची अख्खी गोष्ट एका मॉडेलमध्ये! ही कल्पना कोणाची, त्यांनी विचारलं. शिरीषने माझ्याकडे बोट दाखवलं.

तिसरं बक्षीस मिळालं. तो मराठीवर आला.

आता कोणी जेवायला आलं, की गोष्ट 'पांढराशुभ्र हवा होता'पर्यंत तीच असते. पुढे मी भात आणायला पळते, आणि मागून ऐकू येतं, "त्या कंपनीने निदान आधी सांगितलं तरी होतं हो!"