बाबांची झोप

मुलुंडच्या आमच्या हॉस्पिटलात रेडिएशनच्या आखणीसाठी एमआरआय वापरायचं ठरलं, तेव्हा दोन्ही विभागांना एकमेकांना शिकवायला बसवलं. मी रेडिएशनची टेक्निशियन, माझ्या जोडीला आलेली ती एमआरआयची. इतकी वर्षं ओळख कॅन्टीनच्या रांगेपुरतीच. आता त्या चुंबकाच्या खोलीत काय न्यायचं नाही हे ती आम्हाला शिकवायची. उपचाराच्या वेळी पेशंट जसा झोपतो अगदी तसाच स्कॅनलाही का झोपवायचा, हे मी तिला दाखवायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, प्रत्येकाने एकदा पेशंट होऊन बघायचं. तिचा नंबर आला. डोकं हलू नये म्हणून मी प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ केली, तिच्या चेहऱ्यावर ओढली. जाळी कडक झाल्यावर तो मास्क टेबलाला अडकवला आणि तिला एमआरआयच्या आत सरकवलं. थोड्याच वेळात तिने हातातली घंटी दाबली.

मास्क काढला तर गालांवर जाळीचे वळ आणि डोळ्यांत पाणी. मला वाटलं, घाबरली. मी तिला उठवून बसवलं, पाठीवर हात ठेवला.

"माझ्या बाबांना घशाचं रेडिएशन दिलं होतं, असाच मास्क लावून," ती म्हणाली. "मी रोज बाहेर बसायचे. बाबा बाहेर आले की म्हणायचे, काय नाय गो चेडवा, बरी झोप लागली." तिने डोळे पुसले. "मला खरंच वाटायचं गं, झोप लागते म्हणून."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिला सांगितलं, की असे वडील मी रोज बघते. मास्क निघाला की पहिलं विचारतात, पोरगी जेवली का. ती रडता रडता हसली.

थोड्या वेळाने ती आपणहून परत टेबलावर झोपली. फक्त माइकवर बोलत राहा म्हणाली. मशीनचा ठकठकाट थांबला की मी बोलायचे, घाटकोपरच्या बाजाराबद्दल, घरच्या फसलेल्या आंबोळ्यांबद्दल. स्कॅन पुरा झाला.

पुढच्या आठवड्यात पार्ल्याचे एक आजोबा आले, सोबत मुलगी. मास्क कसा आवळतो, आवाज किती होतो, हे तिने आधी त्या मुलीला शांतपणे सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. स्कॅन झाल्यावर तिनेच मुलीला तयारीच्या खोलीत बोलावून घेतलं. मुलीने वडिलांचे विस्कटलेले केस सारखे केले. आजोबा डोळे मिटून स्वस्थ बसून राहिले. आम्ही दोघींनी पुढच्या पेशंटला जरा थांबायला सांगितलं.