नकाशावरचं भोक

श्रावणजींच्या नकाशावर चहा मी सांडला. बशी आफ्रिकेच्या काठाशी ठेवून भिंग घ्यायला वळलो, कोपर लागलं, आणि सगळा चहा थेट महासागरात गेला. एरवी बशीभर चहाने महासागराचं काय बिघडतं? पण हा महासागर केळझरातल्या एका ट्रंकेवर पसरलेला होता, आणि पारख करायची म्हणून त्याची काच मीच काढायला लावली होती.

मी वर्ध्याचा ड्रॉइंग मास्तर. ज्याला चित्र काढता येतं त्याला चित्राची पारखही येते, असा लोकांचा समज. तो मी होऊन कधी मोडला नाही. केळझरला नवं वाचनालय होत होतं. श्रावणजी त्याला आपला जगाचा नकाशा देणार होते. अट एकच, आतल्या खोलीला त्यांच्या वारलेल्या बायकोचं, धुरपताबाईंचं, नाव द्यायचं. अध्यक्ष अण्णाजी म्हणाले, "नकाशा खरंच तीनशे वर्षांचा असेल तर देऊ. मास्तरांकडून तसं लिहून आणा."

श्रावणजी जन्मभर कापसाच्या एका जिनिंगमध्ये जमादार होते. देश स्वतंत्र झाला, जिनिंगचा गोरा साहेब मायदेशी निघाला, आणि बंगल्यातलं सामान दाखवत म्हणाला, "जमादार, एक चीज उठाओ." धुरपताबाईंनी शिलाई मशीन हेरून ठेवली होती, तिच्यावरून एकदा हातही फिरवून आल्या होत्या. पण साहेबाने भिंतीकडे बोट केलं, "तीन सौ साल पुराना!" आणि जमादार विरघळले. नकाशा गोधडीत गुंडाळून बैलगाडीने घरी आला. बाईंनी गोधडी सोडली, पाहिलं आणि म्हणाल्या, "कागद हाय." मग डोळे अधू होईपर्यंत त्या गावाच्या चोळ्या हातानेच शिवत राहिल्या.

नकाशाचा थाट मात्र मोठा. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार. पाहुण्यांना आधी व्हेल मासा दाखवायचा, मग कसरीने खाल्लेलं भोक. "ही कसर इंग्रजाच्या आज्याच्या काळातली!" श्रावणजी सांगायचे. गावात कसर सगळ्यांच्याच घरी होती, पण अशी खानदानी कोणाकडेच नव्हती.

तर चहा सांडला. आम्ही दोघांनी नकाशा अलगद उचलला. चहा सगळा कडेकडेने ओघळला. एक थेंब मात्र नेमका त्या भोकावर बसून राहिला.

"मास्तर, चहा भोकातून खाली काऊन नाई गेला?"

"दाट आहे चहा. दूध चांगलं आहे तुमच्याकडचं."

"म्हशीचं हाय. पण भोक असलं तं जाईनच ना थो?"

त्यांनी धोतराच्या सोग्याने थेंब टिपला. भोकावरून करंगळी फिरवली. पुन्हा फिरवली. मग कागद उलटा केला.

"इकडून तं भोकच नाई."

मी भिंग लावलं. समुद्र, जहाजं, मासा, सगळं वर्तमानपत्रातल्या फोटोसारखं बारीक ठिपक्यांचं. घड्यांच्या रेघा छापलेल्या, डाग छापलेले.

"नक्कल आहे, श्रावणजी," मी म्हणालो. "दिवाणखान्यात लावायला अशा छापतात. साहेबाने दिली तेव्हा फार तर दहाएक वर्षांची असेल. मूळ नकाशा कुठेतरी कसरीने खाल्ला असणार, छापणाऱ्याने कसरसुद्धा सोडली नाही."

ते हसले नाहीत. मलाही ती गंमत तेव्हा करायला नको होती.

"साहेबानं फसवलं म्हंता?"

"साहेबालाही ठाऊक नसेल."

"मले तं ठाऊक होतं ना, तिले मशीन पाह्यजे म्हणून."

भिंतीवर नकाशाच्या जागी चुन्याचा पांढरा चौकोन उघडा पडला होता. ते त्याच्याकडेच पाहत बसले. तिकडे खोलीवरचं नाव जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला राहवेना.

"हे पाहा, मी जरा गोलमोल लिहितो," मी आवाज खाली आणून म्हणालो. "'नकाशा जुना दिसतो.' दिसतोच की! अण्णाजी काही भिंग घेऊन बसणार नाहीत. बाईंचं नाव लागून जाईल."

वाळलेला झेंडूचा हार श्रावणजींनी चौकटीवरून सोडवला आणि गुंडाळून खिशात घातला.

"बोला श्रावणजी, काय लिहून देऊ?"

"लिहा, कागद हाय."