ईशान्येचं पाणी

बेबीनंदाबाईंनी नळाला चोरून मोटर लावली आहे, ही कुजबुज कॉलनीत पहिल्यांदा कुणी सोडली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दीनानाथराव कानात सांगायला लागले की आवाज तीन घरं पलीकडं जायचा.

तसं त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. जालन्यात उन्हाळ्यात नळ आठवड्यानं यायचा, तोही उपकार केल्यासारखा. रिटायर झाल्यापासून दीनानाथराव पाण्याच्या मागं हात धुऊन लागले होते, अर्थात हात न धुता. डाळ-तांदळाचं धुवण बादलीत. भाजीचं बादलीत. पाहुण्यानं पेल्यात घोटभर पाणी ठेवलं तर तेही बादलीत, अन् वर पाहुण्याला टोमणा, "पुढच्या वेळी अर्धाच देत जाऊ."

हे सगळं मागच्या अंगणातल्या एका लिंबासाठी. लेक भार्गवी सासरी गेली त्या वर्षी लावलेलं झाड. त्याच्याच लिंबांचं लोणचं दरसाल तिच्याकडं जायचं. यंदा झाड पानं टाकत सुटलं होतं. अन् ईशान्येच्या भिंतीपलीकडं शेजारच्या बेबीनंदाबाईंच्या केळी अशा माजलेल्या, की पानं भिंतीवरून यांनाच वाकुल्या दाखवायची.

"शाळेतून येती, पर्स ठेवती अन् तांब्याभर पाणी घालती. तांब्यावर केळी येतात व्हय?" ते बायकोवर खेकसले.

"अहो, न्हाणीचं पाणी लिंबाकडं वळवा," शैलाबाई म्हणाल्या. "कवापासून सांगून राह्यले."

"पाणी ईशान्येलाच गेलं पाहिजे. वास्तू म्हणून काही असती का न्हाई?"

घर बांधताना गवंड्यानं न्हाणीचा उतार मागच्या अंगणाकडंच काढला होता. यांनी बसवलेली फरशी उखडायला लावली, पाइप ईशान्येला नेला अन् भिंतीला खेटून शोषखड्डा घेतला. तेव्हापासून घरातलं आंघोळीचं, धुण्याचं सगळं पाणी विधिपूर्वक त्या खड्ड्यात जात होतं.

लिंबाची शेवटची हिरवी फांदी पिवळी पडली, तसे दीनानाथराव चिडून स्टुलावर चढले अन् भिंतीवरून डोकावले. पलीकडं बेबीनंदाबाई केळीच्या बुडाला फुटलेलं पिल्लू काढायला भिंतीच्या बुडाशी खणत होत्या.

"काय शोधून राह्यले, भाऊ?"

"मोटर."

"मंग बराबर जागी आलात. हे बघा."

खणलेल्या खळग्यात भिंतीखालून पाणी पाझरत होतं. निळसर.

"नळाला नीळ कवापासून येऊन राह्यली, भाऊ?"

दीनानाथरावांना निळीत बुडवलेला पांढराशुभ्र सदराच लागायचा. आतून शैलाबाईंनी टब उपडा केल्याचा आवाज आला.

"अगं, थांब! ओतू नको!" ते स्टुलावरूनच ओरडले.

"आता कशाला थांबू? वास्तूला जाऊन राह्यलंय ना?"

गवंडी आला, तोच जुना. काम करताना तोंडातल्या तोंडात हसत होता. पाइप लिंबाकडं फिरला, पण तोवर झाडाची काटकी झाली होती. दीनानाथराव तरी रोज नखानं साल खरवडून हिरवं दिसतंय का बघायचे. दिसलं नाही. लोणचं बाजारातून आणून पाठवलं.

"बाबा, यंदा चव वेगळीच लागून राह्यली," भार्गवी फोनवर म्हणाली. त्यांनी फोन शैलाबाईंच्या हातात दिला.

मोटर कुणीच लावली नव्हती. बेबीनंदाबाईंच्या केळी दीनानाथरावांच्या न्हाणीच्या पाण्यावर वाढल्या होत्या.